प्रवासी ट्रेलरमधील बॅटरी मॉनिटर : शंटच्या साहाय्याने विद्युत्प्रभाराचा हिशेब

प्रस्तावना

अमेरिकेत मोटारीच्या किंवा पिकअप ट्रकच्या मागे जोडून ओढत नेले जाणारे चाकांवरचे लहानसे घर ‘ट्रॅव्हल ट्रेलर’ या नावाने ओळखले जाते. त्याला स्वतःचे इंजिन नसते; परंतु शेगडी, फ्रिज, पाण्याचा पंप, न्हाणीघर, गॅसवर चालणारी फर्नेस आणि निजण्याची सोय एवढे सगळे त्यात सामावलेले असते. वीजजोडणी असलेल्या तळावर तो उभा असेल तर घरच्यासारखाच वापरता येतो. जोडणी नसलेल्या जागी मात्र हे सारे घर १२ व्होल्टच्या एका बॅटरीवर अवलंबून राहते. त्या बॅटरीत किती विद्युत्प्रभार शिल्लक आहे हे आत राहणाऱ्याला कसे कळावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

विषय वरकरणी केवळ तांत्रिक, आणि आपल्यापासून दूरच्या देशातला वाटेल. परंतु त्याच्या मुळाशी असलेले तत्त्व आपल्या महाविद्यालयांच्या प्रयोगशाळेत गॅल्व्हानोमीटरचे ॲमीटरमध्ये रूपांतर करताना विद्यार्थी दरवर्षी हाताळतात. शिवाय भारनियमनाच्या काळात महाराष्ट्रात घरोघरी जे इन्व्हर्टर आले, त्यांच्या दर्शनी भागावरील दिव्यांनी ‘बॅटरी भरली आहे’ असे सांगावे आणि अर्ध्या तासात अंधार व्हावा, हा अनुभव वाचकांपैकी अनेकांच्या गाठी असेल. दोन्हीकडे चूक एकच आहे, आणि तिचे कारणही एकच आहे.

एक रात्र

जानेवारी २०२३ मध्ये प्रस्तुत लेखक ॲरिझोना राज्यात पुतण्याकडे मुक्कामास होता. त्या राज्यातील क्वार्ट्झसाइट गावाच्या दक्षिणेस ला पोसा नावाचा विस्तीर्ण वाळवंटी पट्टा आहे. तो ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट या संघराज्याच्या खात्याकडे आहे. १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल या काळात परवाना घेऊन तेथे ट्रेलरसह दीर्घकाळ राहता येते. मोकळे आकाश भरपूर, वीजजोडणी मात्र नाही. आम्ही तेथे पुतण्याच्या ट्रेलरसह उतरलो होतो. ट्रेलरवर १२ व्होल्टची, ८० ॲम्पिअर-तास क्षमतेची एकच शिसे-आम्ल बॅटरी आणि छतावर १०० वॅटचे एक सौर पॅनेल होते.

तिसऱ्या दिवशी सायंकाळी भिंतीवरील पट्टीत चारपैकी तीन दिवे लागले होते. पहाटे तीनच्या सुमारास थंडीने जाग आली. पुतण्याची दोन वर्षांची मुलगी रडत होती. फर्नेसचा पंखा अगदी मंद फिरत होता. हवा येत होती, पण गार. “काका, गॅसच्या दोन्ही टाक्या भरलेल्या आहेत, मग उष्णता का येत नाही?” हा त्याचा प्रश्न रास्त होता.

उत्तर फर्नेसच्या रचनेत आहे. या यंत्रात गॅस पेटण्यापूर्वी पंख्याने पुरेशी हवा ढकलली पाहिजे, अन्यथा ज्वालाकक्ष अतितप्त होऊन धोका संभवतो. म्हणून हवेच्या झोताने ढकलली जाणारी एक पातळ पाती झोतात बसविलेली असते. तिला तेथे ‘सेल स्विच’ म्हणतात. झोत पुरेसा असला तरच पाती वळते, मंडल पूर्ण होते आणि गॅस पेटतो. बॅटरी क्षीण झाली की पंखा मंदावतो, पाती वळत नाही आणि गॅस असूनही घर गार राहते. शिवाय तो निष्फळ पंखा उरलीसुरली बॅटरीही संपवीत राहतो. त्या रात्री आम्ही मुलीला मोटारीत नेले, इंजिन चालू करून तिथली ऊब घेतली आणि उजाडण्याची वाट पाहिली. सायंकाळचे तीन दिवे खोटे का ठरले याचा विचार तेव्हाच सुरू झाला.

दिवे काय मोजतात

भिंतीवरील पट्टी केवळ विभवांतर मोजते. शिसे-आम्ल बॅटरी काही तास पूर्ण विश्रांत असेल, म्हणजे तिच्यात प्रभार येत नसेल आणि तिच्यातून जातही नसेल, तर तिचे विभवांतर शिल्लक प्रभाराशी बऱ्यापैकी निगडित असते. पूर्ण भरलेली असता ते साधारण १२.६ ते १२.७ व्होल्ट, निम्मी असता १२.२ व्होल्टच्या आसपास आणि १२ व्होल्टच्या खाली गेले की फारसे काही उरलेले नसते. म्हणजे पूर्ण भरलेली आणि निम्मी रिकामी या दोन अवस्थांत जेमतेम अर्ध्या व्होल्टचे अंतर आहे.

पण राहत्या घरातील बॅटरी विश्रांत कधी असते? दिवसभर सौर पॅनेलकडून प्रभार येत असता अग्रांच्या पृष्ठभागालगतचे आम्ल आतल्या भागापेक्षा अधिक तीव्र होते, आणि सूर्य मावळल्यानंतरही काही काळ विभवांतर वाजवीपेक्षा जास्त दिसते. आमचे तीन दिवे म्हणजे हा उथळ पृष्ठप्रभार होता. उलट पंप आणि पंखा एकदम चालू असता अंतर्गत रोधामुळे विभवांतर खाली येते आणि चांगल्या बॅटरीविषयीही निष्कारण धास्ती वाटते.

लिथियम-लोह-फॉस्फेट प्रकारच्या बॅटरीत तर हा आधारही राहत नाही. तिचे विभवांतर मधल्या मोठ्या पट्ट्यात १३.२ व्होल्टच्या जवळपास जवळजवळ स्थिर राहते. ही स्थिरता उपकरणांना सोयीची असली तरी मापकाला निरुपयोगी आहे. अलीकडे ट्रेलरांत या बॅटऱ्यांचा प्रसार वाढला, त्याबरोबर स्वतंत्र मॉनिटरची गरजही वाढली, हा योगायोग नव्हे.

सारांश, बॅटरीच्या प्रकृतीवरून तिचा साठा ओळखण्याऐवजी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रभाराची नोंद ठेवणे हाच खात्रीचा मार्ग उरतो. एक ॲम्पिअर धारा एक तास वाहिली तर ३६०० कूलोम प्रभार जातो. प्रत्येक क्षणी धारा मोजावी, काळाने गुणावी, बेरीज-वजाबाकी करीत राहावे. वाण्याच्या खतावणीपेक्षा यात वेगळे काही नाही. आणि खतावणीप्रमाणेच येथेही एक व्यवहार नोंदवायचा राहिला की पुढची प्रत्येक शिल्लक चुकते.

शंट

धारा मोजण्यासाठी बॅटरीच्या ऋण बाजूस श्रेणीत एक अत्यल्प रोध बसवितात. यालाच शंट म्हणतात. ट्रेलरांत सामान्यतः ५०० ॲम्पिअर–५० मिलिव्होल्ट असा शंट वापरतात, म्हणजे ५०० ॲम्पिअर धारेस त्याच्या दोन टोकांत ५० मिलिव्होल्ट विभवांतर पडते. ओहमच्या नियमानुसार त्याचा रोध ०.०००१ ओहम होतो. फर्नेसचा पंखा ७ ॲम्पिअर घेत असता त्यावर ०.७ मिलिव्होल्ट आणि गॅसगळती-सूचक यंत्र ०.१ ॲम्पिअर घेत असता केवळ १० मायक्रोव्होल्ट विभवांतर असते. मॉनिटर इतके सूक्ष्म विभवांतर वाचतो. त्याची अचूकता बरीचशी त्या धातूच्या पट्ट्यांवर अवलंबून असते.

या पट्ट्या मँगेनिनच्या असतात. तांबे, मँगनीज आणि निकेल यांचा हा मिश्रधातू एडवर्ड वेस्टन यांनी १८९२ मध्ये विकसित केला. तापमान बदलले तरी त्याचा रोध जवळजवळ बदलत नाही. आपल्या प्रयोगशाळेतील रोधपेटीतही हाच मिश्रधातू आढळतो. शंटवर दोन जाड बोल्ट आणि त्यांच्या आतल्या बाजूस दोन लहान स्क्रू असतात. मोठी धारा बोल्टांतून वाहते, विभवांतर स्क्रूंवरून घेतले जाते. त्यामुळे बोल्टच्या सांध्यातील रोध मापनात शिरत नाही. चार अग्रांची ही जोडणी पदव्युत्तर विद्यार्थ्यांना केल्विन पद्धती म्हणून परिचित आहे. अर्थात सांधा सैल असला तरी मापन बरोबर येईल, एवढ्याने तो सैल ठेवण्यास मुभा मिळत नाही. १ मिलिओहमच्या वाईट सांध्यावर १०० ॲम्पिअर धारेस १० वॅट उष्णता निर्माण होते.

प्रत्यक्ष जोडणी

परत आल्यावर पुतण्याने जुनी बॅटरी काढली आणि गोल्फच्या गाड्यांत वापरतात तशा ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या श्रेणीत जोडून २२० ॲम्पिअर-तासांचा संच केला. त्याच वेळी मॉनिटर बसविण्याचे ठरले.

प्रथम बाहेरील वीज बंद करावी, मग सौर पॅनेलची तार नियंत्रकापासून सोडवावी आणि त्यानंतरच बॅटरीला हात लावावा. बॅटरीचे ऋण टोक आधी सोडवायचे असते. धन टोक आधी सैल करू गेल्यास पाना ट्रेलरच्या लोखंडी सांगाड्याला टेकताच मंडल पूर्ण होऊन प्रचंड धारा वाहते. सांगाडा ऋण टोकाशी जोडलेला असल्यामुळे हे घडते. हातातील अंगठी आणि घड्याळ काढून ठेवणे ही यामुळेच नुसती औपचारिकता नव्हे.

तारांच्या रंगांबाबत येथे एक सूचना अगत्याची आहे. आपल्याकडील जुन्या वायरिंगमध्ये काळी तार म्हणजे न्यूट्रल. मोटारीतही काळी म्हणजे ऋण. अमेरिकन ट्रेलरांच्या १२ व्होल्टच्या जाळ्यात मात्र बहुधा पांढरी तार ऋण आणि काळी तार धन असते. प्रस्तुत लेखकाचा हात सवयीने काळ्या तारेकडेच गेला होता. रंगावर विसंबू नये, प्रत्येक तार मल्टिमीटरने पारखावी.

जोडणीचे मुख्य सूत्र एका वाक्यात सांगता येते. बॅटरीच्या ऋण टोकावर शंटकडे जाणारी एकच तार असावी. बाकी सर्व ऋण तारा शंटच्या दुसऱ्या बाजूस असाव्यात. सूत्र सोपे आहे, पण ट्रेलरमध्ये ऋण टोकावर आधीच तीन-चार तारा येऊन बसलेल्या असतात: एक घरातील वितरण-पेटीची, एक सांगाड्याची, एक सौर नियंत्रकाची, कधी आणखी एक टेकूच्या विद्युत् जॅकची. त्या वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या हातांनी लावलेल्या असतात.

आमचीही चूक येथेच झाली. वितरण-पेटी आणि सांगाडा या दोन तारा आम्ही शंटवर हलविल्या. सौर नियंत्रकाची बारीक तार मात्र बॅटरीच्या खोक्यामागून येत असल्यामुळे नजरेतून सुटली आणि थेट ऋण टोकावरच राहिली. दुपारी बारा वाजता, लख्ख ऊन असताना, घरातील सर्व उपकरणे बंद करून मॉनिटर पाहिला तर पडद्यावर उणे ०.६ ॲम्पिअर! गॅससूचक, फ्रिजचे नियंत्रण-मंडल, रेडिओचे घड्याळ असे सदैव चालू राहणारे भार मिळून तेवढे घेतात, ते ठीक. पण सूर्याचे काय? एकदिश धारा मोजणारा क्लॅम्प मीटर सौर तारेभोवती धरला तेव्हा तेथे ५ ॲम्पिअर वाहत होते. म्हणजे जमेची बाजू खतावणीत येतच नव्हती. ती तार शंटच्या दुसऱ्या बाजूस आणताच पडद्यावर अधिक ४.४ ॲम्पिअर दिसले. जोडणी पूर्ण झाल्यावर एकेक स्रोत आणि एकेक भार स्वतंत्रपणे चालू करून पडद्यावरील आकडा व चिन्ह योग्य दिशेने बदलते का हे पाहणे, ही परीक्षा कोणत्याही आकृतीपेक्षा विश्वासार्ह होय.

शंटच्या जागेविषयीही विचार करावा लागतो. ट्रेलरच्या पुढच्या त्रिकोणी दांडीवर बॅटरी आणि गॅसच्या टाक्या शेजारी शेजारी असतात. द्रव आम्लाची बॅटरी भरताना हायड्रोजन सोडते, आणि हवेत त्याचे आकारमानाने ४ टक्के प्रमाण झाले तरी मिश्रण स्फोटक होते. आम्लाची वाफ तांब्याचे सांधे खाते. म्हणून शंट बॅटरीच्या खोक्यात न ठेवता लगतच्या सामान-कप्प्यात, कोरड्या लाकडी फळीवर बसविला. मॉनिटरला स्वतःची शक्ती मिळावी म्हणून धन टोकाकडून येणाऱ्या बारीक तारेत, टोकाला अगदी लागून, १ ॲम्पिअरचा फ्यूज घातला.

आणखी एक तार आहे. तिच्याबाबत चूक झाली तर किंमत गार रात्रीपेक्षा फार मोठी पडते. ट्रेलर चालू प्रवासात मोटारीपासून सुटला तर एक दोरी खेचली जाऊन ‘ब्रेकअवे स्विच’ मिटतो आणि ट्रेलरच्याच बॅटरीवर त्याचे विद्युत् ब्रेक लागतात. चार चाकांचे चुंबक मिळून सुमारे १२ ॲम्पिअर घेतात. व्यावसायिक वाहनांसाठीच्या अमेरिकन संघीय नियमांत हे ब्रेक किमान १५ मिनिटे लागून राहिले पाहिजेत अशी अट आहे. शंट हा एक जाड वाहकच असल्याने ही धारा त्यातून गेली तरी काही बिघडत नाही. पण मॉनिटर बसविताना पुष्कळ जण त्याच जागी बॅटरी बंद करण्याची मोठी कळही ऋण तारेत घालतात, म्हणजे उभ्या ट्रेलरची बॅटरी उतरू नये. कळ बंद ठेवूनच ट्रेलर रस्त्यावर नेला, तर ऋण मार्ग तुटलेला असल्याने सुटलेल्या ट्रेलरला ब्रेक लागणारच नाहीत. अशी कळ हवीच असेल तर ती धन बाजूस, घराच्या तारेत घालावी आणि ब्रेकअवेची धन तार तिच्या अलीकडे, थेट बॅटरीवर, आपल्या स्वतंत्र संरक्षणासह ठेवावी.

हिशेब कसा चुकतो

जोडणी अचूक असली तरी मॉनिटरला काही गोष्टी सांगाव्या लागतात, आणि सांगितलेले चुकले तर दाखविलेले चुकते. संचाची क्षमता २२० ॲम्पिअर-तास ही पहिली नोंद. ती २० तासांत सावकाश रिकामी केल्यास मिळणारी क्षमता आहे. धारा वाढली की हाती लागणारा प्रभार घटतो, हे विल्हेल्म प्यूकर्ट यांनी १८९७ मध्ये सूत्रबद्ध केले. घातांक १.२५ धरला तर आमचा संच १०० ॲम्पिअरच्या धारेस सुमारे सव्वा तासच टिकेल आणि जेमतेम १२७ ॲम्पिअर-तास देईल. उरलेले नष्ट होते असा समज पसरलेला आहे, तो बरोबर नाही. बॅटरीला विश्रांती दिली तर त्यातील बराच भाग पुढे मंद धारेने मिळतो.

दुसरे, जमा केलेले सगळे परत मिळत नाही. शिसे-आम्ल बॅटरीत साधारण ८५ ते ९५ टक्के, लिथियममध्ये जवळजवळ ९९ टक्के परतावा असतो. तिसरे, शून्याची सूक्ष्म चूक. मापकाचा शून्य ०.०५ ॲम्पिअरने सरकलेला असेल तर १४ दिवसांत १६.८ ॲम्पिअर-तासांची तफावत पडते. या साऱ्या चुका साचत जातात, म्हणून बॅटरी पूर्ण भरली की खतावणी पुन्हा १०० टक्क्यांवर आणावी लागते. विभवांतर ठरावीक मूल्याच्या वर गेले आणि आत येणारी धारा ठरावीक मूल्याच्या खाली काही मिनिटे राहिली, की मॉनिटर ‘भरली’ असे मानतो.

येथे लहान सौर पॅनेलवाल्यांची गंमतशीर फसगत होते. काही प्रचलित मॉनिटरांत ही सीमाधारा क्षमतेच्या ४ टक्के, म्हणजे आमच्या संचास ८.८ ॲम्पिअर, अशी आधीच ठरविलेली असते. १०० वॅटचे पॅनेल भर दुपारीही तेवढी धारा देऊ शकत नाही. म्हणजे एक अट जन्मापासूनच पूर्ण झालेली. विभवांतर जरा वर गेले की अर्धी रिकामी बॅटरीही शंभर टक्के! ढग आडवा आल्याने धारा क्षणभर घटली तरी तोच प्रकार घडू शकतो. आम्ही सीमाधारा १ टक्क्यावर आणली आणि विभवांतराची सीमा प्रभारकाच्या शोषण-टप्प्याच्या मूल्याहून केवळ ०.२ व्होल्टने खाली ठेवली. तेव्हापासून मॉनिटर ‘भरली’ असे क्वचितच म्हणतो, आणि म्हणतो तेव्हा त्यावर विश्वास ठेवता येतो.

मॉनिटरच्या नोंदींवरून हिवाळ्यातल्या एका दिवसाचा खर्च पुढीलप्रमाणे निघाला. फर्नेसचा पंखा रात्रीच्या १० तासांपैकी साधारण ४ तास फिरतो, म्हणजे २८ ॲम्पिअर-तास. सदैव चालू भार १४.४, दिवे ८, पंप ३. एकूण ५३.४. त्या ऋतूत १०० वॅटचे आडवे पॅनेल सुमारे २५ देते. तूट रोजची २८ ॲम्पिअर-तास. जुन्या ८० ॲम्पिअर-तासांच्या बॅटरीला या तुटीने भागले म्हणजे ती तिसऱ्या रात्रीच का संपली ते उघड होते. त्यात गूढ असे काहीच नव्हते. शिसे-आम्ल बॅटरी वारंवार निम्म्याखाली नेल्यास तिचे आयुष्य घटते आणि रिकामी पडून राहिल्यास पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण स्फटिक बसतात, म्हणून नव्या संचातील ११० ॲम्पिअर-तासच वापरण्याजोगे मानले. त्या हिशेबाने चार रात्री जेमतेम निघतात. पाचवी हवी असेल तर दुसरे पॅनेल घ्यावे किंवा फर्नेसचा तापमान-नियंत्रक दोन अंश खाली आणावा; पुतण्याने दुसरा पर्याय स्वीकारला आणि एक जाड रजई विकत घेतली.

एक गोष्ट मात्र मॉनिटरला कधीच कळत नाही, ती म्हणजे बॅटरीचे वय. तो टक्केवारी काढतो ती आपण सांगितलेल्या क्षमतेच्या आधारे. काही वर्षांनी संच प्रत्यक्षात १५० ॲम्पिअर-तासांचा उरला तरी मॉनिटर २२० चाच भागाकार करीत राहील आणि ५० टक्के दाखवील तेव्हा खरी शिल्लक २७ टक्क्यांच्या आसपास असेल. द्रव आम्लाच्या बॅटरीत यावर जुनाच उपाय आहे. मॉनिटर ५० टक्के दाखवीत असता संचाला रात्रभर विश्रांती द्यावी आणि सकाळी प्रत्येक घरातील आम्लाचे विशिष्ट गुरुत्व हायड्रोमीटरने पाहावे. पूर्ण भरलेल्या अवस्थेत ते १.२६५ ते १.२८ च्या दरम्यान असते, निम्म्या अवस्थेत १.२० च्या जवळपास. यापेक्षा बरेच कमी भरले तर मॉनिटरमधील क्षमतेचा आकडा कमी करावा. पुतण्या हे दर तीन महिन्यांनी करतो. मागील खेपेस त्याने २२० चे २०५ केले. त्या दिवशी सहा घरांपैकी एका घराचे वाचन इतरांहून ०.०२ ने कमी आले होते, आणि ते घर आता प्रत्येक वेळी आधी तपासले जाते.